क्लब देऊन टाकायच्या आधी आम्हाला विचारा : कमिटीला आणि नवीन मालकांना खुलं पत्र

आपल्या बेळगावच्या फुटबॉल क्लबच्या कमिटीतल्या सगळ्या मंडळींना, आणि क्लबात पैसे घालायला पुढं आलेल्या साहेबांना, सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. मॅच असली की गोलपोस्टच्या मागं छत्री घेऊन उभा असतो तो मीच. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून ग्राऊंडला यायचो, वाटेत रेल्वे गेट पडलं की वडील घड्याळ बघत बसायचे, किक-ऑफ चुकला की घरी जाईपर्यंत बोलायचे नाहीत. वडील गेले, सायकल गेली, आता पोरगा मला बाईकवर मागं बसवून आणतोय, पण क्लबचं नाव आणि जर्सीचा रंग तोच आहे. त्यामुळं हे पत्र लिहिताना थोडं मनाला लागून लिहितोय, कुठं शब्द जास्त झाला तर माफ करा, पण बोलायचं ते बोलणारच.

गेले पंधरा दिवस चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नाही. साहेब क्लबचा पंच्याहत्तर टक्के हिस्सा घेणार, क्लबची प्रायव्हेट कंपनी होणार, नावाच्या पुढं धंद्याचं नाव लागणार, जर्सी बदलणार, बाहेरचे सहा प्लेअर येणार आणि तीन वर्षांत आपण आय-लीगला, म्हणजे आयएसएलच्या खालोखालच्या देशपातळीच्या लीगला, जाणार असं सगळे बोलायलेत. कमिटीनं अजून सभासदांना एक चिठ्ठी पाठवलेली नाही. आम्हाला ही बातमी जर्सी शिवणाऱ्याकडून कळली, नवीन रंगाचं कापड मागवलंय म्हणून. ते ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्यातच दोन तट पडलेत हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. माझा भाचा बेंगळुरात आयटीत आहे, कंठीरवा स्टेडियमला बेंगळुरू एफसीची मॅच चुकवत नाही. तो म्हणतो मामा, पैसा आल्याशिवाय कोण वर गेलंय दाखवा, २०१३ ला क्लब काढला, पहिल्याच सीझनला आय-लीग जिंकली, २०१६ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या फायनलला पोचले, हे काय वर्गणी काढून झालं का. त्याचं चूक नाही की ओ. मोठा मालक, चांगला कोच, सुनील छेत्रीसारखा प्लेअर, पोरांना जेवण, जिम, डॉक्टर, हे सगळं पैशानंच येतंय. आपली पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात ती काय क्लब आवडत नाही म्हणून जातात का, तिथं महिन्याचा पगार मिळतो म्हणून जातात. तेव्हा पैसे नकोत असं म्हणणाऱ्यातला मी नाही. साहेब, तुम्ही येताय ते बरं वाटतंय, मनापासून सांगतो.

पण त्याच बेंगळुरू एफसीनं ऑगस्ट २०२५ मध्ये काय केलं तेही भाच्याला विचारलं. आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, होणार की नाही याचा पत्ता नव्हता, भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा पंधरा वर्षांचा करार संपत आलेला, आणि क्लबनं पहिल्या टीमच्या प्लेअरांचा आणि स्टाफचा पगार बेमुदत थांबवल्याचं जाहीर केलं. देशातला एवढा मोठा ग्रुप मागं असताना ही पाळी येत असेल तर आपल्याकडं एका माणसाच्या खिशावर सगळा डोलारा उभा केला आणि त्याच्या धंद्यात एखादं वर्ष वाईट गेलं तर काय होईल याचा विचार नको का. भाचा गप्प बसला. मग म्हणाला, तरी पण मामा. त्याच्या त्या तरी पण मध्येही दम आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

आधी मालकीचं बोलतो, कारण खरी गाठ तिथंच आहे.

आपल्या क्लबकडं आहे काय? ग्राऊंड आपलं नाही, आज लेले ग्राऊंड, उद्या व्हॅक्सिन डेपो, परवा सीपीएडला जागा मिळेल तिथं प्रॅक्टिस. ऑफिस म्हणजे एका सभासदाच्या दुकानामागची खोली. गाडी नाही, जिम नाही. आहे ते म्हणजे नाव, रंग, कपाटातल्या ढाली, चौदा वर्षांखालच्या पोरांची टीम आणि रविवारी पाऊस असो ऊन असो बघायला येणारी माणसं. म्हणजे साहेब, पंच्याहत्तर टक्के विकत घेताना तुम्ही हेच विकत घेताय. नाव, रंग आणि आम्हाला. आणि हे कमिटीनं कमावलेलं नाही, कमिटी दर तीन वर्षांनी बदलते. हे ज्यांनी कमावलं त्यातले कितीतरी आज हयात नाहीत, कॅम्पातले मिलिटरीतून रिटायर झालेले, शहापूर-वडगावचे विणकर, खडेबाजारातले दुकानदार, चर्चमधून सरळ मॅचला येणारे, नमाज आटपून येणारे. मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी अशा चारही भाषांत आपल्याकडं रेफ्रीला शिव्या पडतात आणि गोल झाला की सगळ्यांचा आवाज एकच होतो. बेळगावात अशा जागा किती राहिल्यात ते तुम्हीच सांगा.

पुण्याचं बघा. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी होती, बालेवाडीला मॅच व्हायच्या, आम्ही इथून दोन गाड्या करून गेलेलो एकदा. २०१९ ला क्लब बंद. त्यांची जागा हैदराबादच्या नवीन क्लबनं घेतली. ह्या हैदराबादनं २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याला फायनल जिंकली, देशाचे चॅम्पियन झाले, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात प्लेअरांचे पगार थकले, फिफानं नवीन प्लेअर घ्यायला बंदी घातली, चांगली पोरं एकेक करून निघून गेली, आणि २०२५ ला तो क्लब उचलून दिल्लीला नेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. भाड्याच्या घरातलं सामान हलवावं तसं. पुण्यात ऑरेंज जर्सी घालून ओरडणाऱ्या पोरांना कुणी विचारलं? हैदराबादच्या लोकांना कुणी विचारलं? ट्रॉफी जिंकूनही क्लब वाचला नाही, हे मला परत परत आठवतंय.

मालक वाईट होते असं मी म्हणत नाही. जेसीटी बघा, पंजाबातल्या फगवाड्याचा क्लब, १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकलेला. महिंद्रा युनायटेड, मुंबईचा, २००५-०६ चा चॅम्पियन. महिंद्रा २०१० ला बंद, जेसीटी २०११ ला. वर्षानुवर्षं ह्या कंपन्यांनी पदरचे पैसे घालून क्लब सांभाळले, त्याबद्दल त्यांना हात जोडतो, पण बंद करायचा निर्णय बोर्डरूममध्ये झाला आणि बघणाऱ्यांना पेपरात कळलं. गोव्यात २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या तिघांनी आय-लीग सोडली. फेडरेशनच्या नव्या प्लॅनमध्ये कितीही जिंका तरी आयएसएलला चढायची वाट नव्हती, म्हणून सोडली, कारण पटण्यासारखंच होतं. पण धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा चॅम्पियन, आणि तो परत आय-लीगला दिसायला २०२४ उजाडलं, तेही खालच्या आय-लीग ३ पासून चढून. आठ वर्षं म्हणजे एका प्लेअरचं अख्खं करिअर गेलं.

आणि पुण्याच्याच मालकांचं इंग्लंडमधलं एक उदाहरण आहे. वेंकीज, कोंबड्यांच्या धंद्यातलं मोठं नाव, त्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, साधारण २३ मिलियन पौंडांना. ब्लॅकबर्न म्हणजे १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन, गाव आपल्यापेक्षा लहान. आपल्या मुलखातल्या माणसानं तिकडचा क्लब घेतला म्हणून मला तेव्हा अभिमान वाटलेला, पेढे वाटायचेच बाकी होते. महिन्याभरात अनुभवी मॅनेजरला काढलं, २०१२ ला टीम खाली उतरली, २०१७ ला आणखी एक पायरी खाली, मग वर्षभरानं एक पायरी वर आली. लोकांनी वर्षानुवर्षं निदर्शनं केली, एकदा तर चालू मॅचमध्ये कोंबडी ग्राऊंडवर सोडली. मालकांनी पैसे घातले नाहीत असं नाही, खूप घातले, आजही घालतायत. पण गावाला न विचारता घातले. पैसे घालूनही माणसं तुटतात ती अशी.

ह्याच्या उलट लंडनचा विम्बल्डन क्लब. २००२ ला त्यांचा क्लब शंभरेक किलोमीटर लांब दुसऱ्या गावात न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा लोकांनी ग्राऊंडवर ट्रायल घेऊन स्वतःचा नवीन क्लब काढला, अगदी तळातून सुरुवात केली आणि ९ वर्षांत, २०११ ला, परत इंग्लंडच्या वरच्या चार लीगांत आणला. जर्मनीत तर १९९८ पासून नियमच आहे, निम्म्यापेक्षा एक तरी जास्त मत सभासदांकडंच राहिलं पाहिजे, एक-दोन कंपन्यांच्या जुन्या क्लबांना सूट आहे तेवढीच. पैसेवाला येऊ दे, त्याचं नाव लागू दे, पण शेवटचा हात सभासदांचा.

आता हे बेळगावात जमणार नाही असं कोण म्हणत असेल तर त्यानं आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेत जाऊन बसावं. आपल्याकडं पतसंस्था म्हणजे काय नवीन गोष्ट आहे का. भाजी विकणारी बाई शंभर रुपयांचा भाग घेते, वार्षिक सभेला येते, अहवालाचं पुस्तक चाळते, चेअरमनला उभं करून विचारते डिव्हिडंड कमी का. भाग कितीही असले तरी माणशी एक मत. ज्या गावाला हे कळतं त्या गावाला क्लब चालवायचा कळणार नाही? आपला क्लब १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेला आहे, घटनेत सर्वसाधारण सभा लिहिलेली आहे, मग एवढा मोठा निर्णय खोलीत बसून सात जणांनी कसा काय घ्यायचा? साहेब एकोणपन्नास टक्के घेऊ देत. बाकीचे एक्कावन्न सभासदांचे राहू देत, हजार-हजार रुपयांचे भाग काढा, पहिला भाग मी घेतो, माझ्या पोराच्या नावावर दुसरा. आणि नाव, रंग, गाव ह्या तीन गोष्टींना हात लावायचा झाला तर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांशिवाय नाही, हे करारात घाला. बाकी टीम कोण निवडणार, कोच कोण, कुठल्या लीगला खेळायचं, ते साहेबांनी आणि जाणकारांनी ठरवावं, आम्ही कठड्यावरून ओरडू तेवढंच.

आता पगाराचं. ह्यावर मी जास्त बोलणार आहे कारण ह्यावर कुणीच बोलत नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा आपल्या क्लबचा गोलकीपर आहे, नाव घालत नाही, त्याला आवडणार नाही. उद्यमबागला एका फाउंड्रीत कामाला. नाईट शिफ्ट करून सकाळी घरी येतो, दोन तास झोपतो, आणि मॅचला उभा राहतो. गेल्या सीझनला सेमीफायनलला त्यानं पेनल्टी अडवली तेव्हा तुम्ही सगळे ग्राऊंडवर धावत गेलात, खांद्यावर घेतलंत, फोटो काढलेत. त्याला मॅचमागं जे पैसे ठरलेले ते अर्ध्या सीझनचे अजून आलेले नाहीत. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच, जरा ॲडजस्ट कर, आपलाच क्लब आहे. तो आपल्याच घरातला म्हणून थांबला. हातमोजे फाटलेत, चिकटपट्टी लावून खेळतो. आणि आता बाहेरचे सहा प्लेअर आणायला पैसे आहेत? त्यांना फ्लॅट, त्यांना महिन्याचा पगार, ॲडव्हान्स? बाहेरचे नकोत असं नाही, आपल्या टूर्नामेंटांत बाहेरच्या पोरांनी येऊन आपल्या पोरांना खेळ शिकवला आहे, ते मी डोळ्यानं बघितलंय. पण आधी ह्याचं देणं भागवा.

थोडा हिशोब घाला. समजा साहेबांचे आणि तिकिटाचे आणि जाहिरातीचे मिळून वर्षाला तीस लाख आले. सहा प्लेअर, महिना पन्नास हजार, आठ महिने, म्हणजे चोवीस लाख गेले. राहिले सहा. त्यात कोच, बॉल, डॉक्टर, प्रवास आणि आपली पंधरा-सोळा पोरं. युरोपात एवढे श्रीमंत क्लब, त्यांनासुद्धा आता नियम लावलाय की प्लेअरांचे पगार आणि ट्रान्सफर आणि एजंट मिळून कमाईच्या ७० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आपण नुसत्या सहा जणांवर ८० टक्के घालवणार, मग उरलेल्या पोरांना काय, चहा-बिस्किट?

फिफाचा नियम आहे, प्रोफेशनल प्लेअरचे दोन महिन्यांचे पगार थकले आणि त्यानं लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबूनही मिळाले नाहीत तर तो करार मोडून जाऊ शकतो, आणि दोष क्लबचा धरला जातो. बाहेरच्या सहा जणांकडं करार असणार, वकील असणार, एजंट असणार, त्यांचे थकले तर ते जातील. आपल्या पोराकडं काय आहे? कागदाचा एक चिटोरा नाही. म्हणून माझं मागणं आहे की पहिल्या दिवसापासून आपल्या सगळ्या पोरांना, मग ते महिन्याला पाच हजार का असेनात, लेखी करार द्या, तारीख घाला, बँकेत पैसे टाका. आणि साहेबांनी पूर्ण सीझनच्या पगाराचे पैसे सीझन सुरू व्हायच्या आधी वेगळ्या खात्यात ठेवावेत. हे त्यांना जड नाही. आणि मन खरं असेल तर त्यांना ह्यात अडचण वाटणार नाही.

वर चढायचं स्वप्न मलाही आहे, कुणाला नाही ओ. पण वाट काय आहे ते पोरांना नीट सांगा. बेंगळुरात खालच्या डिव्हिजनमधून सुरुवात करायची, ए डिव्हिजन, मग सुपर डिव्हिजन, तिथं चांगलं खेळलो आणि राज्य असोसिएशननं नाव पाठवलं तर आय-लीग ३, मग २, मग आय-लीग. कोल्हापूर आपल्याला जवळ, गोवा जवळ, पण आपली शिडी पाचशे किलोमीटर लांब बेंगळुरात लावलेली आहे. प्रत्येक मॅचला रात्रीची रेल्वे, सकाळी उतरायचं, कुठंतरी अंघोळ, दुपारी खेळायचं, परत रात्रीची रेल्वे. फाउंड्रीतली नोकरी करून हे होणार नाही, म्हणजे पोराला नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडायला सांगायची तर त्याला पुढची दोन-तीन वर्षं पगार नक्की मिळेल हा शब्द कुणीतरी द्यायला हवा. तो शब्द कोण देणार? पत्र लिहायला बसलो ते ह्याच प्रश्नासाठी.

आणि तीन वर्षांचा हट्ट कशाला? स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू २०२३ ला आय-लीग ३ मधून वर चढला, पुढच्याच वर्षी आय-लीग २ चा चॅम्पियन झाला, सगळ्या कर्नाटकाला आनंद झाला, मी पण टाळ्या वाजवल्या. आय-लीगला एक सीझन खेळले आणि २०२५ ला खाली आले. झपाट्यानं चढलं की खाली यायला वेळ लागत नाही. मोहमेडन स्पोर्टिंग, शंभर वर्षांहून जुना क्लब, २०२४ ला आयएसएलला चढला आणि पहिल्याच सीझनला पगारावरून प्लेअरांनी प्रॅक्टिस बंद केली. २०२५ ला तर आय-लीग कुणी जिंकली ते स्वित्झर्लंडच्या कोर्टात ठरलं, एप्रिलमध्ये फेडरेशननं चर्चिल ब्रदर्सला चॅम्पियन म्हटलं आणि जुलैमध्ये कोर्टानं इंटर काशीला. मैदानावर घाम गाळला पोरांनी आणि निकाल लावला वकिलांनी. असल्या वाटेवर जायचं तर मागं गाव उभं पाहिजे, एकटा मालक पुरत नाही.

मला ऐझॉलची गोष्ट सगळ्यात आवडते, पोराला दहा वेळा सांगितली असेल. मिझोरमचा छोटा क्लब, २०१५-१६ ला आय-लीगमधून खाली गेलेला, गोव्याचे क्लब निघून गेले म्हणून परत जागा मिळाली, आणि २०१६-१७ ला तोच चॅम्पियन. बजेट बाकीच्यांच्या मानानं काहीच नाही, बरीचशी पोरं तिथलीच, कोच खालिद जमील. आणि जिंकूनही त्यांना आयएसएलला घेतलं नाही कारण तेव्हा चढायची सोयच नव्हती, ते ऐकून पोरगा चिडतो. आमच्या इथंही तशी पोरं आहेत. चौदा वर्षांखालच्या टीममधला डाव्या पायाचा तो बारका विंगर बघितलाय का कुणी? कमिटीतल्या किती जणांनी ह्या वर्षी ज्युनिअरची एक तरी मॅच बघितली? सहा बाहेरचे आणता ते तीन आणा, आणि राहिलेल्या पैशांत एक चांगला लायसन्स असलेला कोच ज्युनिअरला द्या, पाच वर्षं द्या.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमला मी दरवर्षी दोन-तीन मॅच बघायला जातो. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, एकेक तालीम म्हणजे एकेक पेठ आहे. तिथं कुणी येऊन म्हणू दे बघू, पाटाकडीलचं नाव बदलून माझ्या कंपनीचं लावतो. त्याला पेठेतून बाहेर पडायला वाट मिळायची नाही. तिथल्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. आपली माती काय वेगळी आहे का? एवढं जवळ आहे ते.

साहेब, तुमच्याशी शेवटी दोन शब्द. मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्हाला फुटबॉल आवडतो असं ऐकलंय आणि मी ते खरं धरतो. एकदा मॅचला या, व्हीआयपी खुर्चीवर नको, आमच्या बाजूला गोलपोस्टच्या मागं उभे रहा. चहा मी देतो. तिथं तुम्हाला नव्वद मिनिटांत कळेल की काय विकत घ्यायला निघालाय आणि त्यातलं काय विकत मिळत नाही.

आणि कमिटीला : येत्या रविवारच्या मॅचनंतर सगळ्या सभासदांची सभा बोलवा, ग्राऊंडवरच बोलवा, हॉलचं भाडं नको. कराराचा मसुदा मराठीत आणि कन्नडात वाचून दाखवा, गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च गणपती मंडळवाले लावतात तसा फळ्यावर लावा, आणि हात वर करून मत घ्या. मत माझ्या विरुद्ध गेलं तरी मी पुढच्या रविवारी छत्री घेऊन येणारच आहे. आणि सभेच्या आधी, शनिवारपर्यंत, त्या गोलकीपरचे पैसे त्याच्या हातात द्या, आणि हातमोज्यांचा एक नवीन जोड. साईज नऊ लागतो त्याला, मी विचारून ठेवलंय.

आपला,
गोलपोस्टच्या मागं उभा राहणारा एक जुना सभासद
वडगाव, बेळगाव